चाकांवरच्या घराला विटांची भिंत

अमेरिकेत सुमारे दोन कोटी माणसं अशा घरांत राहतात, जी कारखान्यात तयार झाली, ट्रकच्या मागे जोडली गेली आणि हमरस्त्यानं आपल्या जागेवर येऊन बसली. या घरांना मोबाइल होम म्हणतात. जागेवर आलं की घराची चाकं काढतात आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या बुडाशी चारही बाजूंनी गुडघ्याएवढी, कधी कमरेएवढी विटांची भिंत बांधतात. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटतं, घर या भिंतीवर उभं आहे. नीट बांधलेल्या घरात त्या भिंतीवर घराचा किलोभरही भार नसतो. घर आपलं आपण उभं असतं, भिंत आपली आपण, आणि दोघांच्या मध्ये एक फट मुद्दाम राखलेली असते.

मग काहीच न पेलणारी ही भिंत तडकते कशानं? तिच्या सांध्यांतला माल भुसभुशीत होऊन गळतो कशानं? भाड्यानं द्यायचं म्हणून असं जुनं घर विकत घेणाऱ्यापुढे हे प्रश्न घराभोवतीच्या पहिल्याच फेरीत उभे राहतात. गवंड्याची मजुरी तिकडे भारी पडते, म्हणून पुष्कळ जण स्वतःच थापी हातात घेतात. काम शिकण्यासारखं आहे आणि जमण्यासारखंही. पण त्या आठ-दहा थरांच्या भिंतीत काय काय चाललेलं असतं, हे एकदा कळलं की आपण फक्त भेगा बुजवत नाही, हे लक्षात येतं. मला तर अशी भिंत म्हणजे भूगर्भशास्त्र, रसायनशास्त्र आणि गवंडीकाम यांची एकत्र भरलेली शाळा वाटते.

घर उभं आहे ते कशावर

या घराखाली पोलादी तुळयांची एक लांबलचक चौकट असते. ट्रकनं ओढून आणलं ते या चौकटीच्या जोरावर, आणि घर जागेवर बसल्यानंतरही ती तशीच राहते. अमेरिकी कायद्यानं अशा घराची व्याख्या करतानाच कायमस्वरूपी चौकटीची अट घातली आहे. १५ जून १९७६ पासून ही घरं एकाच राष्ट्रीय नियमावलीप्रमाणे बनतात. घराच्या प्रत्येक भागावर त्याची खूण म्हणून लाल रंगाची छोटी धातूची पट्टी ठोकलेली असते. जुनं घर विकत घेताना जाणकार माणूस आधी ती पट्टी शोधतो, कारण त्या तारखेच्या आधीचं घर असलं तर कर्ज, विमा, सगळंच अवघड होतं.

चौकटीखाली दर काही फुटांवर काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांचे बुटके खांब असतात आणि खांब व चौकट यांच्यामध्ये पातळी साधण्यासाठी लाकडी पाचरी मारलेल्या असतात. वादळात घर उचललं जाऊ नये म्हणून जमिनीत खोल बसवलेल्या अँकरना ते पोलादी पट्ट्यांनी बांधलेलं असतं. घराचा सगळा भार या खांबांवरून जमिनीत उतरतो. विटांच्या भिंतीचं काम वेगळं आहे. घराखालची मोकळी जागा बंद करून वारा, पावसाचे शिंतोडे, उंदीर-घुशी आणि थंडी तिनं बाहेर ठेवायची. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर जी गोठवणारी थंडीची लाट आली, तिच्यात असंख्य घरांचे नळ फुटले. मोबाइल होममध्ये पाण्याचे नळ फरशीखालून जातात, म्हणजे थेट या मोकळ्या जागेच्या वर. तिथं गार वारा सुटा शिरू द्यायचा की नाही, हे त्या भिंतीवर ठरतं.

यातून दुरुस्तीचा पहिला नियम निघतो. भेग दिसली की आधी भिंतीचा वरचा काठ पाहायचा. तिथली फट शाबूत आहे का? की कुठला तरी खांब खचून घर खाली आलंय आणि भिंतीवर टेकलंय? टेकलं असेल तर विटांवर असा भार येतोय, जो घ्यायला त्या बांधलेल्याच नव्हत्या. अशा वेळी सांधे भरून काही होणार नाही. घराची पातळी आधी सुधारावी लागते, आणि जॅक लावून घर उचलण्याचं ते काम परवाना असलेल्या इन्स्टॉलरचं आहे. नुसत्या जॅकवर तोललेल्या घराखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. घरमालकानं स्वतःच्या हातानं करायचं काम त्यानंतर सुरू होतं.

काळी माती, तिकडची आणि इकडची

टेक्सासच्या मधून, डॅलसच्या वरच्या अंगापासून थेट सॅन अँटोनियोपर्यंत, काळ्या मातीचा एक पट्टा उतरत गेला आहे. त्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. तिथल्या एका मातीचं नाव ह्यूस्टन ब्लॅक, आणि ती त्या राज्याची प्रातिनिधिक माती मानली जाते. मृदाशास्त्रात ती व्हर्टिसोल नावाच्या वर्गात मोडते. विदर्भ-मराठवाड्यातली खोल काळी कापसाची जमीनही याच वर्गातली. डॅलस-ऑस्टिनकडे आता मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणाचं गाव परभणी किंवा यवतमाळकडचं असेल, तर अंगणातली भेगाळलेली जमीन त्यांना ओळखीची वाटेल.

दोन्ही मातींचे पूर्वज मात्र अगदी वेगळे. आपली काळी जमीन ज्वालामुखीच्या लाव्हातून थिजलेल्या बेसॉल्टची झीज होऊन झाली. टेक्सासची माती क्रिटेशस काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीयुक्त गाळाच्या खडकांतून आली. एकीचा जन्म आगीतला, दुसरीचा पाण्यातला, आणि तरी दोघींचा स्वभाव एकच. कारण दोघींतही स्मेक्टाइट गटातली चिकणमातीची खनिजं भरपूर आहेत. या खनिजांचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात आणि पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. शिरलं की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी उडून गेलं की ते जवळ येतात, माती आक्रसते आणि भेगा पडतात. वैशाखातल्या शेतात हात घालावा अशी भेग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या बळाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

आता हे घर या मातीवर ठेवून पाहा. घराच्या मधोमध, फरशीखालच्या सावलीत, ना पाऊस पोचतो ना ऊन. तिथली माती वर्षभर साधारण एकाच ओलीची राहते. काठावरची माती मात्र पावसात भिजते, ऑगस्टच्या उन्हात वाळते, पुन्हा भिजते. सगळ्यात जास्त वरखाली होतो तो घराच्या कडेचा पट्टा. विटांची भिंत बरोबर त्याच पट्ट्यावर उभी असते! खांब तुलनेनं स्थिर मातीवर आणि भिंत सगळ्यात चंचल मातीवर, म्हणून दोघांना एकमेकांपासून सुटं ठेवण्यात शहाणपण आहे. मधली फट नसती तर प्रत्येक पावसाळी हंगामात भिंतीनं घराला ढुशी दिली असती.

मातीची ही हालचाल भिंतीवर लिहिलेली सापडते. भिंतीचा एक भाग खचला की भेग सांध्यासांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढते. ती वर रुंद आणि खाली बारीक असेल, तर भिंतीचं टोक खाली झुकतंय असं समजावं. खाली रुंद आणि वर मिटत गेलेली असेल, तर मधला भाग बसतोय. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलनं खूण करून तारीख लिहावी, भेगेच्या आडवी एक बारीक रेघ ओढावी आणि ऋतू बदलेपर्यंत थांबावं. काळ्या मातीवरची भेग कोरड्या दिवसांत उघडते आणि ओल्या दिवसांत मिटते. मिटलेली असताना ती कडक मालानं भरली, तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारीच नवी पडते.

टेक्सासमध्ये लोक यावर एक उपाय करतात, जो ऐकून आपल्याकडचा शेतकरी चकित होईल. कोरड्या दिवसांत ते घराच्या कडेनं पाझरणारी रबरी नळी अंथरतात आणि घराभोवतीच्या मातीला पाणी देतात. पीक काही घ्यायचं नसतं. मातीची ओल एकसारखी राहावी आणि ती आक्रसू नये, एवढाच हेतू. पन्हळीचं पाणी भिंतीपासून दूर सोडणं आणि मोठं झाड भिंतीला लागून न लावणं, ही त्याच विचाराची दोन स्वस्त कामं.

वीट वाढते

जमीन हलते हे पटायला सोपं आहे. वीट वाढते, हे मात्र पहिल्यांदा ऐकताना खरं वाटत नाही.

भट्टीतून निघालेली वीट पूर्ण कोरडी असते. भट्टीच्या आचेनं मातीच्या रेणूंना चिकटलेलं पाणीही उडून गेलेलं असतं. बाहेर आल्या क्षणापासून ती हवेतली ओल शोषायला लागते, आणि हे पाणी नुसतं छिद्रांत साचत नाही, ते तिच्या घटकांशी रासायनिक संयोग पावतं. त्यामुळे वीट किंचित फुगते, जड होते आणि साध्या उन्हानं पुन्हा पूर्ववत होत नाही. ही वाढ सुरुवातीला झपाट्यानं होते आणि मग मंदावत जाते. ती काळाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात चालते. म्हणजे पहिल्या दिवशी जेवढी वाढ झाली, त्याच्या दुप्पट व्हायला १६ दिवस लागतात, तिप्पट व्हायला ८१ आणि चौपट व्हायला २५६. मंदावते, पण शतकानुशतकं थांबत नाही.

मँचेस्टर विद्यापीठातल्या मोइरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याच गुणावरून विटांचं वय काढायची पद्धत मांडली. वीट ५०० अंशांपर्यंत तापवून तिनं आयुष्यभर साठवलेलं पाणी उडवायचं, किती वजन घटलं ते मोजायचं, मग ती पुन्हा किती वेगानं पाणी घेते ते पाहून मागचा हिशेब मांडायचा. इंग्लंडमधल्या कँटरबरी गावातल्या एका मध्ययुगीन विटेचं वय या पद्धतीनं अवघं ६६ वर्षं निघालं. कोडं सुटलं ते इतिहासातून. १९४२ मध्ये जर्मन बाँबफेकीत कँटरबरीत भीषण आगी लागल्या होत्या. त्या आगीत वीट इतकी तापली, की तिनं शतकानुशतकं साठवलेलं पाणी उडालं आणि तिचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. ही पद्धत सगळीकडे कितपत अचूक चालते याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत, पण विटेचं हे सावकाश पाणी पिणं मात्र पक्कं आहे.

आता हाच हिशेब आपल्या भिंतीला लावू. अमेरिकी अभियंते पक्क्या मातीच्या विटेसाठी ओलीमुळे होणारी कायमची वाढ दहा हजारांत पाच भाग धरतात. एकेरी मोबाइल होम ७६ फूट लांबीचं असलं, तर त्याच्या बाजूची भिंत ९१२ इंचांची झाली. तिची वाढ जवळपास अर्धा इंच. त्यात उन्हाची भर आहे. थंडीतल्या पहाटेपासून ऑगस्टमधल्या दुपारपर्यंत विटेच्या तापमानात ५५ अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर तीच भिंत आणखी सुमारे ३/८ इंचानं लांबते, आणि थंडीत तेवढीच आखडते. भिंतीला लांबायला वाव नसेल तर ती कोपऱ्यावर दाब देते आणि तिथं उभी चीर जाते. म्हणून लांब भिंतीत दर २०–२५ फुटांवर एक उभा सांधा मालाशिवाय सोडतात आणि त्यात लवचीक सीलंट भरतात. जुन्या घराची दुरुस्ती करताना असा मऊ सांधा दिसला आणि कुणाला तो गवंड्याचा हलगर्जीपणा वाटला, तर त्यात सिमेंट भरून तो बुजवू नये. तो भिंतीला हलण्यासाठी सोडलेला वाव आहे.

घमेल्यातली किमया

सिमेंट वाळून घट्ट होतं, असं आपण सहज बोलून जातो. ते वाळत नाही. पाण्याशी त्याचा संयोग होतो. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमधल्या जोसेफ अ‍ॅस्पडिननं १८२४ मध्ये घेतलं. या सिमेंटमध्ये मुख्यतः कॅल्शियमची सिलिकेटं असतात. पाणी मिळालं की त्यांच्यातून अतिसूक्ष्म तंतूंचं आणि पापुद्र्यांचं एक दाट जाळं वाढू लागतं. ते जाळं वाळूच्या कणांना कवटाळतं आणि विटेच्या छिद्रांत शिरून तिला धरून ठेवतं. म्हणूनच नव्या बांधकामावर पाणी मारायचं असतं. माल लवकर वाळला, तर जाळं अर्ध्यात थांबतं आणि सांधा बोटानं कोरता येईल इतका भुकटा राहतो.

चुना याच्या उलट वाटेनं जातो. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. त्यात पाणी घातलं की विरी गेलेला चुना मिळतो. हा चुना भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. दगडातून निघून परत दगडात, असा तो पूर्ण फेरा आहे. आपल्या अनेक किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्याचं दगडी वर्तुळ आजही दिसतं. तिथं बैल फिरवून चुना-वाळू घोटत आणि त्या मालानं तट बांधत. चुन्याचा एक गुण तर विलक्षण आहे. सांध्यात केसाएवढी चीर गेली आणि तिच्यात पाणी झिरपलं, तर ते पाणी थोडा चुना विरघळवून नेतं आणि चिरेत पुन्हा साठवतं. बारीक चीर आपली आपण भरून निघते.

अमेरिकेत विटांच्या मालाच्या पाच जाती ठरलेल्या आहेत आणि त्यांची नावं एम, एस, एन, ओ, के अशी अक्षरांची. एम सगळ्यात कडक, के सगळ्यात मऊ. एन जातीचा माल एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असा कालवतात. प्रयोगशाळेत त्याची किमान ताकद दर चौरस इंचाला ७५० पौंड दाब सोसेल इतकी, आणि एम जातीची २,५००. दुकानात उभं राहून हे आकडे वाचणारा नवखा माणूस साहजिकच एम उचलतो. जास्त मजबूत ते जास्त चांगलं, हे त्याला सरळ वाटतं.

दुबळ्या सांध्याचं मोल

या सगळ्या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा विचार हाच आहे, की सांधा विटेपेक्षा दुबळा असायला हवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागानं ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीसाठी ज्या मार्गदर्शक पुस्तिका काढल्या, त्यांतली दुसरी पूर्णपणे सांधे पुन्हा भरण्यावर आहे आणि तिचा भर याच मुद्द्यावर आहे. माल हा घरातल्या फ्यूजसारखा असतो. काही बिनसलं तर त्यानं तुटायचं आणि महागाच्या वस्तूला वाचवायचं.

भिंत हलते हे आपण पाहिलं. ती हलणार तेव्हा कुठे तरी ताण जाणारच. सांधा मऊ असेल तर ताण सांध्यात विरतो, फार तर बारीक चीर जाते, आणि ती पुन्हा भरता येते. सांधा विटेहून कडक असेल तर ताण विटेवर जातो आणि वीट फुटते. फुटलेली वीट शिवता येत नाही.

पाण्याचंही तसंच. पावसाचं पाणी भिंतीत शिरतंच. प्रश्न असतो, ते बाहेर कुठून जाणार. चुनामिश्रित मऊ माल सच्छिद्र असतो, ओल त्यातून उडून जाते. माल अतिघट्ट असेल तर ओलीला विटेच्या अंगातून वाट काढावी लागते. पाणी उडतं, पण त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. पृष्ठभागावर आले तर पांढरा लोणा दिसतो, आणि तो कोरड्या ब्रशनं झाडता येतो. हे क्षार विटेच्या आत स्फटिक होऊन वाढले, तर तिच्या तोंडाचे पापुद्रे सुटून पडतात. जुन्या मऊ विटांच्या भिंतीचं असं नुकसान कडक सिमेंटनं केलेल्या दुरुस्तीमुळे कितीदा तरी झालं आहे. आजच्या कारखान्यातल्या विटा चांगल्याच कणखर असतात, तरी मोबाइल होमच्या भोवतालच्या या भिंतीला एन जातीचा माल पुरेसा आहे आणि योग्यही. तिला भार पेलायचा नाही, हलत राहायचं आहे.

हाताचं काम

सांधे पुन्हा भरण्याच्या कामाची खरी मेहनत जुना माल काढण्यात आहे. सांध्याच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल जायचं, म्हणजे सुमारे पाऊण ते एक इंच. अरुंद छन्नी आणि हातोडीनं सावकाश काढलेलं बरं. ग्राइंडरनं काम झटपट होतं, पण त्याचं पातं विटेची कड कापून जातं आणि ती जखम कायमची राहते. शिवाय ग्राइंडरच्या धुळीत वाळूतल्या सिलिकाचे डोळ्याला न दिसणारे कण असतात. ते फुप्फुसात बसले की निघत नाहीत, म्हणून चांगला मास्क आणि पाण्याचा शिडकावा सोडू नये. ओल्या मालाला हात लावतानाही हातमोजे हवेत, कारण ओलं सिमेंट त्वचा भाजण्याइतकं अल्कधर्मी असतं.

सांधा कोरून झाला की ब्रशनं धूळ झाडायची आणि भिंत ओली करायची. किती ओली? इथं गवंड्यांची एक देखणी चाचणी आहे. विटेवर नाण्याएवढं, सुमारे एक इंच व्यासाचं वर्तुळ मेणाच्या खडूनं आखायचं आणि त्यात पाण्याचे २० थेंब सोडायचे. दीड मिनिटाच्या आत थेंब जिरले, तर वीट तहानलेली आहे. ती मालातलं पाणी ओढून घेईल आणि सिमेंटचं जाळं उपाशी राहील. अशा विटेला आधी पाणी पाजायचं, पण माल भरताना तिच्यावर पाणी चमकता कामा नये. अंगात ओल, तोंड कोरडं, ही नेमकी स्थिती.

माल कालवण्यातही एक युक्ती आहे. आधी सिमेंट, चुना, वाळू कोरडी एकजीव करून त्यात इतकंच पाणी घालायचं, की मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल. मग तासभर झाकून ठेवायचा. या वेळात तो आधीच थोडा आक्रसून घेतो आणि नंतर भिंतीत कमी आक्रसतो. मग उरलेलं पाणी घालून कालवायचा आणि पहिल्यांदा पाणी घातल्यापासून अडीच तासांच्या आत संपवायचा.

आता भरायचं. अरुंद थापीवर माल घेऊन पाव इंचाचा थर सांध्याच्या तळाशी दाबायचा आणि थांबायचं. अंगठा दाबल्यावर ठसा उमटेल पण माल बोटाला लागणार नाही, इतका तो घट्ट झाला की दुसरा थर. एकदम सगळा सांधा भरला तर वरचा थर आधी घट्ट होतो आणि आतला आक्रसून सुटतो. शेवटच्या थरावर पुन्हा अंगठ्याची खूण तपासून गोल सळईनं सांधा आत दाबत घासायचा. तो किंचित अंतर्गोल होतो, माल विटेला घट्ट बसतो आणि वरून येणारं पाणी थबकत नाही. टेक्सासच्या उन्हात हे काम सकाळी, सावलीच्या बाजूला करावं आणि पुढचे दोन-तीन दिवस ओल्या गोणपाटानं झाकून ठेवावं.

फुटलेली वीट बदलायची असेल तर माप बघून घ्यावी. तिकडची सर्वसाधारण वीट सव्वादोन इंच उंच असते. ३/८ इंचाच्या आसपासचे सांधे धरून तिचे तीन थर ८ इंचांचे होतात, म्हणजे बरोबर काँक्रीटच्या एका ठोकळ्याएवढे. आपल्याकडच्या मानक विटेतही हाच विचार आहे. ती १९० बाय ९० मिलिमीटरची, आणि १० मिलिमीटरचा सांधा धरला की २०० बाय १००. सांधा हा विटेच्या मापातच धरलेला भाग आहे.

हवेची वाट

दुरुस्ती करताना नवख्या माणसाला शेवटी मोह होतो तो भिंतीतली जाळीची भोकं बंद करण्याचा. उंदीर येतात, थंडी येते. पण घराखालच्या जमिनीतून ओल सतत वर येत असते आणि ती बाहेर गेली नाही तर लाकडी फरशी कुजते. अमेरिकी नियम सांगतो, घराच्या क्षेत्रफळाच्या दर १५० चौरस फुटांमागे एक चौरस फूट मोकळी वाट हवी. १६ बाय ७६ फुटांच्या घराला म्हणजे सुमारे ८ चौरस फूट. पण खालच्या जमिनीवर ०.१५ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा कागद अंथरला, तर हीच गरज एक दशांशावर, म्हणजे पाऊण-एक चौरस फुटावर येते! इतक्या पातळ पडद्यानं इतका फरक पडावा, याचा अर्थ घराखालची जवळजवळ सगळी ओल मातीतून येते.

या वाटा समोरासमोरच्या बाजूंना आणि जमिनीपासून शक्य तितक्या वर ठेवायच्या, म्हणजे हवा आरपार जाते. उंदरांसाठी बारीक जाळी लावायची. कपडे वाळवण्याच्या यंत्राचा पाइप भिंतीच्या आत संपत असेल, तर तो भिंतीबाहेर काढायचा, कारण ओल्या कपड्यांचं सगळं पाणी नाही तर फरशीखाली जमतं. आणि कुणाला आत शिरून नळ किंवा खांब पाहता येईल एवढं एक दार हवंच.

हिशेब

भाड्याच्या घरात पैसे घातलेल्या माणसाला या भिंतीचं उत्पन्न थेट दिसत नाही. पण ती नीट असेल तर फरशी कोरडी राहते, नळ गोठत नाहीत, भाडेकरू टिकतो. विकताना एवढंच लक्षात ठेवावं, की देखण्या विटांच्या भिंतीला पाया समजणं ही मोठी चूक आहे. बँकेचा अभियंता खांब, अँकर आणि त्यांच्याखालचं काँक्रीट तपासतो, भिंत नाही.

भिंतीचं सगळं आयुष्य मात्र तीन मोकळ्या जागांवर अवलंबून आहे. घर आणि भिंत यांच्यामधली फट, विटांमधला मऊ सांधा आणि हवेची जाळी. तिन्ही जागा पाहणाऱ्याला उणीव वाटतात. तिन्ही बुजवाव्याशा वाटतात, आणि कडक सिमेंटच्या एका पोत्यात त्या बुजतातही. मग माती फुगते, वीट वाढते, ओल अडकते आणि भिंत फुटते. स्वतःच्या हातानं दुरुस्ती करणाऱ्यानं प्रत्येक घमेल्यामागे एकच प्रश्न विचारावा, की इथं हलायला जागा राहिली का? राहिली असेल, तर कमकुवत वाटणाऱ्या मालानं भरलेले ते सांधे त्याच्या मुलाबाळांच्या काळातही टिकतील, आणि कधी झिजलेच तर पुन्हा त्याच थापीनं भरता येतील.